फ्रारीच्या वेदीवरील लाल

व्हेनिस शहरातील फ्रारी हे फ्रान्सिस्कन साधूंचे विटांचे प्रचंड चर्च. आत पाऊल टाकले की समोर लांबच लांब दालन, मध्ये साधूंच्या बैठकीपुढे उभारलेली संगमरवरी भिंत आणि त्या भिंतीच्या कमानीतून, पार टोकाच्या मुख्य वेदीवर, काहीतरी लाल दिसते. अजून चेहरे ओळखू येत नाहीत, कथा उमगत नाही. पण तो लाल आपल्याला पुढे ओढून नेतो.

हे टिशियनचे ‘मेरीचे स्वर्गारोहण’. १५१६ साली काम हाती घेतले, १५१८ साली चित्र वेदीवर चढले. उंची जवळजवळ २३ फूट! चित्रकार तरुण, आणि जागा मोठी कठीण. वेदीच्या मागे उंच खिडक्या. खिडकीकडे पाठ करून बसलेल्या माणसाचा चेहरा आपल्याला काळवंडलेला दिसतो ना? तीच गत या चित्राची व्हायची. नाजूक, मवाळ रंग तेथे टिकलेच नसते.

टिशियनने काय केले पाहा. खाली शिष्यांचा घोळका, बराचसा सावलीत. त्यांतल्या दोघांच्या अंगावर त्याने लाल वस्त्रे घातली. एकजण आपल्याकडे पाठ करून दोन्ही हात वर उंचावतो आहे. वर ढगांवर मेरी. तिचा झगाही लाल. दोन लाल खाली, एक वर, असा त्रिकोण होतो आणि शिष्य व मेरी यांच्यामधल्या मोकळ्या आकाशावरून नजर आपोआप उडी घेते. मेरी वर जाते आहे हे आपल्याला सांगावे लागत नाही. आपली नजरच आधी वर गेलेली असते.

मेरीची पारंपरिक खूण म्हणजे निळी शाल. उत्तम निळा रंग अफगाणिस्तानातील बदख्शानच्या लाजवर्दी दगडाचा आणि भलताच महाग. शाल टिशियनने ठेवली, पण सारा भार झग्यावर टाकला. व्हेनिसच्या चित्रकारांची लाल रंगवण्याची एक रीत होती: खाली हिंगुळाचा थर आणि वर तेलात कालवलेल्या पारदर्शक लालाची पुटे. हा पारदर्शक लाल पुष्कळदा हिंदुस्थानातून गेलेल्या लाखेचा असे. होय, आपल्या बांगड्यांची लाख ती हीच!

मेरीच्या मागे पिवळाधमक उजेड आहे. सान मार्को चर्चमधील सोनेरी मोझेइकची व्हेनिसकरांना सवय होती. ते तेज येथे नुसत्या रंगाने आणले आहे. माझ्या मते लालाइतकेच श्रेय या पिवळ्याला द्यायला हवे. त्याच्यावाचून लाल नुसता भडक वाटला असता.

साधूंना मात्र हे पचायला वेळ लागला. १६४८ साली टिशियनचे चरित्र लिहिणारा रिडोल्फी सांगतो की, शिष्य फार मोठे झाले अशी त्यांची कुरकुर चालली होती. एवढ्या विशाल जागेला आकृतीही तशाच हव्यात, हे टिशियनला समजावत बसावे लागले. शेवटी सम्राटाच्या वकिलाने चित्र विकत मागितले, तेव्हा कोठे साधू सावध झाले आणि त्यांनी ते ठेवून घेतले.

पुढे एकोणिसाव्या शतकात चित्र तेथून काढून शहरातील अकादमीच्या संग्रहालयात नेले. लोक जवळ उभे राहून पाहू लागले. पण कमानीतून दुरून दिसणारा तो लाल तेथे कोठून मिळणार? १९१९ साली ते परत आपल्या वेदीवर, त्याच खिडक्यांपुढे आले.