न दिसणारा भुसा

सकाळच्या वेळी सुताराच्या दुकानात छपरातील काचेमधून उन्हाचा कवडसा आत येतो. उजेडाच्या त्या पट्ट्यात असंख्य कण संथपणे तरंगत असलेले दिसतात. कवडसा सरकला, की ते दिसेनासे होतात. पाहणाऱ्यास वाटते, धूळ होती ती त्या पट्ट्यापुरतीच. वास्तविक सारे दुकानच तिने भरलेले असते. उन्हाने तिचा थोडासा भाग उजळून दाखविला, एवढेच.

करवतीखाली पडणारा जाड भुसा आणि रंध्याखालून निघणाऱ्या वळसेदार साली यांचा फारसा उपद्रव नसतो. त्या जमिनीवर पडतात व केरसुणीने गोळा होतात. खरा उपद्रव होतो तो पॉलिशकागदाने लाकूड घासताना उडणाऱ्या पिठासारख्या पुडीचा. असे बारीक कण मोजण्यासाठी मायक्रॉन हे माप वापरतात. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. माणसाचा केस साधारणतः ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो. पाण्याइतक्या घनतेचा १०० मायक्रॉनांचा कण स्थिर हवेत दोन मीटर उंचीवरून सोडला, तर तो सुमारे आठ सेकंदांत खाली पोहोचतो. १० मायक्रॉनांच्या कणास त्याच प्रवासाला अकरा मिनिटे लागतात, आणि एक मायक्रॉनाच्या कणास जवळजवळ सोळा तास! लाकूड तर बहुधा पाण्याहून हलके. शिवाय दुकानातील हवा कधी स्थिर नसते. म्हणून सायंकाळी कुलूप लावून घरी गेलेला सुतार दुसऱ्या दिवशी परत येतो, तेव्हा आदल्या दिवशीची धूळ त्याची वाट पाहत हवेतच असते.

ही धूळ श्वासाबरोबर शरीरात जाते. मोठे कण नाकातील केसांत व ओलसर अस्तरावर अडकतात. बारीक कण थेट फुप्फुसांपर्यंत पोहोचतात. साग व शिसव यांच्या पुडीने कित्येक कारागिरांच्या अंगाला खाज सुटते, कित्येकांना शिंका येतात, काहींना दमाही जडतो. पण याहून गंभीर गोष्ट उघडकीस आली ती इंग्लंडमध्ये.

लंडनपासून सुमारे ५० किलोमीटरांवर हाय विकम नावाचे गाव आहे. भोवतालच्या टेकड्यांवर बीच वृक्षांची वने असल्यामुळे तेथे खुर्च्या बनविण्याचा धंदा भरभराटीस आला. तो इतका, की त्या गावाच्या फुटबॉल संघाला आजही लोक लाडाने ‘खुर्चीवाली पोरे’ अशा अर्थाच्या नावाने ओळखतात. या गावात एझ्मी हॅडफील्ड या बाई कान, नाक व घसा यांच्या शल्यचिकित्सक होत्या. नाकाच्या आतील पोकळीचा एक कर्करोग एरवी अत्यंत विरळा. पण त्यांच्याकडे त्याचे रोगी पुनःपुन्हा येऊ लागले. त्यांतील बहुतेकांचा धंदा एकच निघाला : लाकडी सामान बनविणे. बाईंनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी रोग्यांच्या नोंदी बारकाईने तपासल्या आणि १९६८ साली आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. धूळ अंगात गेल्यापासून रोग दिसू लागेपर्यंत कित्येक दशके लोटत असल्यामुळे कार्य आणि कारण यांचा संबंध तोवर कोणाच्या सहज ध्यानात आला नव्हता. पुढे १९९५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीची गणना माणसास निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या पदार्थांत केली.

मोठ्या कारखान्यांत धूळ ओढून घेणारी अवजड यंत्रे असतात. एकट्या कारागिरास ती परवडत नाहीत. म्हणून अमेरिकेतील हौशी सुतारांनी एक साधी युक्ती योजिली. घरात ठेवायच्या चौकोनी पंख्याच्या पाठीशी हवेची एक गाळणी चिकटपट्टीने बसवायची आणि पंखा चालू करायचा. धुळीची हवा गाळणीतून आत ओढली जाते, आणि स्वच्छ हवा पुढून बाहेर पडते.

गाळणी म्हटले, की डोळ्यांपुढे चहाची गाळणी येते. छिद्राहून मोठी पत्ती वर राहते, लहान ती खाली जाते. हवेची गाळणी मात्र अशी नसते. ती म्हणजे बारीक तंतूंचे विरळ जाळे होय, आणि त्या तंतूंमधील मोकळी जागा धुळीच्या कणाहून कितीतरी मोठी असते. मग कण अडकतो कसा? हवा तंतूला वळसा घालून पुढे जाते. भरधाव एस. टी. वळणावर वळली, की आतले उतारू बाहेरच्या बाजूस फेकले जातात. तसाच मोठा कण हवेबरोबर वळू शकत नाही आणि तंतूवर जाऊन आदळतो. अतिसूक्ष्म कणाची गोष्ट निराळी. हवेचे रेणू त्याला चहूकडून धक्के देत असतात, त्यामुळे तो वेडावाकडा भरकटतो आणि भरकटता भरकटता तंतूला चिकटतो. या भरकटण्याला, १८२७ साली सूक्ष्मदर्शकाखाली ते निरखून पाहणाऱ्या रॉबर्ट ब्राउन या शास्त्रज्ञाचे नाव मिळाले आहे. मोठा सापडतो, लहानही सापडतो. निसटतो तो मधला, मायक्रॉनाच्या सुमारे एक-तृतीयांश आकाराचा! त्याला धरण्यासाठी पुष्कळ गाळण्यांच्या तंतूंवर विद्युत्‌भार ठेवलेला असतो. कोरड्या केसांवरून फिरविलेला कंगवा कागदाचे कपटे ओढतो, तसाच हा प्रकार.

एका गाळणीच्या त्या युक्तीत एक दोष होता. सारी हवा एवढ्याशा जागेतून ओढताना पंख्याला फार जोर लागे, आणि हवा थोडीच मिळे. २०२० साली कोरोनाची साथ पसरली असता रिचर्ड कोर्सी या अभियांत्रिकीच्या प्राध्यापकांनी एकीऐवजी अनेक गाळण्या लावण्याची कल्पना मांडली, आणि टेक्सासमधील गाळण्यांचे कारखानदार जिम रोझेंथाल यांनी तशी पेटी बांधून पाहिली. वर्गांतील हवा शुद्ध राखण्यासाठी निघालेली ही पेटी सुताराच्याही उपयोगी आहे. वीस इंची चार घडीदार गाळण्या उभ्या करून चार भिंती करायच्या. तळाला पुठ्ठा लावायचा. वर पंखा असा ठेवायचा, की त्याचा झोत छताकडे जाईल. प्रत्येक गाळणीच्या चौकटीवर बाण असतो. तो पेटीच्या आत वळलेला हवा. सांधे चिकटपट्टीने नीट बंद करायचे, कारण हवा सोपी वाट सोडून गाळणीतून कधीच जाणार नाही. पंख्याच्या चार कोपऱ्यांतूनही बाहेरची हवा चोरवाटेने आत शिरते. तेथे मध्ये गोल भोक पाडलेला पुठ्ठा बसवितात. चार गाळण्यांमुळे हवेला चौपट जागा मिळते, तिचा वेग चौथाईवर येतो, आणि पंखा सुखाने फिरतो.

सहा मीटर लांब, चार मीटर रुंद व तीन मीटर उंच अशा दुकानात ७२ घनमीटर हवा मावते. समजा, पेटीतून तासाला ७२० घनमीटर स्वच्छ हवा मिळते. तर सहा मिनिटांत दुकानाइतकी हवा गाळून होईल. परंतु सारी धूळ जाणार नाही. गाळलेली हवा न गाळलेल्या हवेत मिसळत राहते, म्हणून काम थांबल्यावर सहा मिनिटांनी शंभरातले सुमारे ३७ कण उरतात, बारा मिनिटांनी १४, अठरा मिनिटांनी ५ आणि चोवीस मिनिटांनी २. पहिल्या फेरीत निसटलेला कण दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत सापडतो. म्हणूनच काम संपल्यावर लगेच पंखा बंद करणे चुकीचे होय.

मात्र या पेटीला आपली मर्यादा आहे. लाकूड घासणाऱ्या कारागिराचे नाक धुळीच्या उगमापासून हातभर अंतरावर असते. पेटी दुकानाच्या कोपऱ्यात. धूळ आधी नाकात जाते, मग पेटीत. त्याच्यासाठी तोंडावर घट्ट बसणारी मुखपट्टी आणि हत्यारापाशीच धूळ ओढणारी नळी यांना पर्याय नाही. पेटी उपयोगी पडते ती उरलेल्या धुळीसाठी, आणि शेजारी बसून काम शिकणाऱ्या पोरासाठी.

गाळणी केव्हा बदलावी, हे ओळखणे सोपे आहे. पंख्यासमोर धरलेली कागदाची पट्टी पूर्वीसारखी फडफडेनाशी झाली, की गाळणी भरली असे समजावे. ती पाण्याने धुऊ नये. पुठ्ठ्याची चौकट भिजून विरते. लाकडाची पूड चटकन पेट घेते, म्हणून पंख्याच्या यंत्रावर साचलेला थर वीज बंद करून, दमट फडक्याने वेळच्या वेळी पुसावा. जुनी गाळणी दुकानात झटकू मात्र नये. ती अलगद पिशवीत घालून, पिशवीचे तोंड बांधूनच बाहेर न्यावी.