चेन्नईत वाद्यवृंदाचे शिक्षण : संगणकाची सोय, सरावाची गरज

वाद्यवृंदाचे शिक्षण खर्चिक असते. व्हायोलिन, चेलो यांसारखी वाद्ये, शिक्षक आणि अनेक वर्षांचा सराव हे सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर जाते. ही अडचण दोन मार्गांनी कमी होऊ शकते, असे चेन्नईच्या उदाहरणावरून दिसते.

पहिला मार्ग संगणकाचा. १९८३ मध्ये आलेल्या ‘मिडी’ या प्रमाणपद्धतीमुळे निरनिराळ्या कंपन्यांची विद्युत वाद्ये आणि संगणक परस्परांशी जोडता येऊ लागले. मिडीद्वारे ध्वनी नव्हे, तर कोणती पट्टी किती जोराने आणि किती वेळ दाबली, याच्या सूचना पाठवल्या जातात. त्यानुसार संगणक आधीच ध्वनिमुद्रित केलेले व्हायोलिनचे वा बासरीचे स्वर ऐकवतो. बोटे जलद न चालणाऱ्या व्यक्तीलाही एकेक स्वर नोंदवून संपूर्ण रचना योग्य लयीत ऐकता येते.

दुसरा मार्ग प्रत्यक्ष वाद्याचा. संगीतकार ए. आर. रहमान यांनी २००८ मध्ये चेन्नईत के. एम. म्युझिक कॉन्झर्व्हेटरी ही संस्था स्थापन केली. तेथे भारतीय व पाश्चात्त्य संगीताबरोबर संगीत-तंत्रज्ञानही शिकवले जाते. रहमान यांच्या प्रतिष्ठानाने सुरू केलेल्या ‘सनशाइन ऑर्केस्ट्रा’ या उपक्रमात आर्थिकदृष्ट्या दुर्बल कुटुंबांतील मुलांना पाश्चात्त्य वाद्यवादनाचे शिक्षण विनामूल्य देण्यात आले.

संगणक स्वर देतो. मात्र गजाचा नेमका दाब आणि शेजारच्या वादकाकडे कान ठेवून लय सांभाळण्याची सवय सरावानेच येते. बालुस्वामी दीक्षितार यांच्या काळापासून कर्नाटक संगीताने व्हायोलिन आपलेसे केले, तेही अशाच सरावाच्या बळावर. त्यामुळे यंत्रे स्वस्त झाली, तरी शिक्षकाची आणि हाती येणाऱ्या वाद्याची गरज संपत नाही.