हौस अंगणातली, दंड खोडव्याला



उसातल्या हराळीवर आणि लव्हाळ्यावर आपण नेहमीच बोलतो. आज घरापुढच्या बागेविषयी थोडं लिहितो. कोणी म्हणेल, ऊसवाल्याला फुलझाडांचं काय? पण मागच्या उन्हाळ्यात आमच्या खोडव्याची पाण्याची एक पाळी चुकली ती एका फुलझाडामुळंच, म्हणून हा लेखनप्रपंच.

झालं असं. आमच्या सौ. माहेराहून येताना पिशवीतून एक रोप घेऊन आल्या. देठ फुगीर, पानं तकतकीत, फूल जांभळं आणि वरच्या पाकळीवर मोरपिसासारखा पिवळा ठिपका. "हौदात नुसतं सोडून द्या वन्सं, माती नको, खत नको, मरत तर अजिबात नाही," असं त्यांच्या वहिनींनी सांगितलेलं. 'मरत नाही' या शब्दालाच मी सावध व्हायला हवं होतं. ती जलपर्णी होती. दिवाळीपर्यंत हौद गच्च भरला, जनावरांना तोंड घालायला जागा राहिली नाही. तेव्हा साफसफाईत मीच दोन पाट्या भरून मागच्या ओढ्यात ओतल्या. ओढा पुढं बंधाऱ्याला मिळतो आणि बंधाऱ्यात आमचा फुटव्हॉल्व्ह.

एप्रिलात मोटार चालू, पण पाणी येईना. आत उतरून पाहिलं तर जाळीला काळ्या मुळ्यांचा बुचडा बसलेला. तो काढेपर्यंत लाईट गेली आणि पाळीही गेली. शेजारच्या तिघांच्या मोटारी त्याच डोहात. ते काही बोलले नाहीत, पण हे कुठून आलं, हे गावात लपून राहत नाही.

ही मूळची दक्षिण अमेरिकेची. फुलाच्या देखणेपणामुळं माणसांनीच तिला देशोदेशी नेलं. बंगालात तिनं नद्या-खाड्या इतक्या अडवल्या, की १९३६ साली तिच्या बंदोबस्तासाठी खास कायदा करावा लागला. अनुकूल पाण्यात दोन आठवड्यांच्या सुमारास ती दुप्पट होते. एका रोपाला धुमारा फुटून दुसरं, दुसऱ्याला तिसरं. फूल येऊन बी पडलं, तर ते चिखलात पंधरा-वीस वर्षंसुद्धा जिवंत राहतं. तिला खायला घालतो कोण? गावाचं सांडपाणी, आणि उसाला जादा टाकलेला, निचऱ्यातून वाहून जाणारा आपलाच युरिया. पंचगंगा आणि इंद्रायणीचं हिरवं पात्र आपण पाहिलेलंच आहे.

घाणेरीचीही तीच कथा. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती कलकत्त्याच्या बागेत शोभेसाठी आणली गेली. रंगीत फुलांचं झुडूप म्हणून आजही काही जण फाटकाशी लावतात. फळं पाखरं खातात आणि बी बांधावर, डोंगरावर नेऊन टाकतात. पाला जनावराच्या पोटात गेला तर कावीळ होते आणि उन्हात कातडी सोलते. नुसती वरून छाटली किंवा पेटवली, तर बुडातून जास्तच फुटते. फळ धरायच्या आधी मुळाच्या गड्ड्यासकट खणून काढावी.

बेशरम तर नावातच आलं. परड्याच्या कडेला फांद्या रोवल्या की कुंपण तयार, म्हणून बायाबापड्यांनी लावली. कांडकं पाण्यातून वाहत जिथं टेकेल तिथं रुजतं आणि चारी बुजते. दुष्काळात शेळ्या तिला तोंड लावतात आणि मग चटक लागते. पुढं त्या झुलत चालतात, खंगत जातात. गाजर गवताला मात्र आपण कोणी आमंत्रण दिलं नव्हतं. १९५५ साली ते पुण्यात प्रथम दिसलं आणि पुढचं सांगायला नको.

हल्ली शहरातल्या बागा पाहून पिवळ्या फुलांचं वेडेलिया अंगणात अंथरायची टूम आहे. पेराला पेराला मुळी फुटते. अंगणातून ते बांधावर उतरायला वेळ लागत नाही. कुंडीत ठेवा, मोकळ्या जमिनीत नको.

रोप कोणी दिलं तर देणाऱ्याला एवढंच विचारावं: हे तुमच्याकडं किती दिवसांत किती पसरलं? कुंपणाला अडुळसा लावा, त्याला जनावर सहसा तोंड लावत नाही आणि खोकल्याला कामी येतो. उपटलेली जलपर्णी ओढ्यात टाकू नका, उकिरड्यावरही ओली टाकू नका. पाण्यापासून लांब, उन्हात पसरून पार वाळू द्या. तिच्यात नव्वद टक्क्यांवर पाणीच असतं, ढीग बघता बघता बसतो. फुलोऱ्याआधीची असेल तरच कंपोस्टच्या खड्ड्यात घाला, आणि कारखानदारीच्या सांडपाण्यातली असेल तर तीही नको.

आमच्या बंधाऱ्यातली जलपर्णी काढायला चार रविवार लागले. शेजारचे तिघंही आले. पहिल्या दिवसाचा चहा-नाष्टा अर्थात आमच्याकडून होता. हौदात आता सौ.नी कमळ लावलं आहे. त्यांच्या वहिनींना मात्र अजून काही कळवलेलं नाही.