पूरक आज्ञावली आणि परवान्यांची सुसंगती

केडीई या मुक्त कार्यपटलाच्या अनुवादभाषांमध्ये मराठीबरोबर छत्तीसगढीचाही समावेश झाला. या दोन्ही भाषा कानी पडणाऱ्या रायपुरात ही गोष्ट महत्त्वाची ठरते. तथापि हे कार्यपटल एकेकाळी परवान्यांच्या पेचात सापडले होते. केडीईच्या अनेक आज्ञावली जीपीएल परवान्याखाली होत्या. त्या ज्या क्यूटी लायब्ररीवर आधारलेल्या होत्या, तिचा परवाना मात्र जीपीएलशी विसंगत होता. परिणामी १९९८ मध्ये डेबियनने केडीई आपल्या संग्रहातून वगळले. सप्टेंबर २००० मध्ये क्यूटी जीपीएलखाली उपलब्ध झाली आणि पेच सुटला.

हाच प्रश्न पूरक आज्ञावलींबाबत, म्हणजे प्लगइनबाबत, उद्भवतो. जीपीएलखालील मूळ आज्ञावली व प्लगइन परस्परांची फंक्शने आणि माहितीच्या संरचना वापरीत असतील, तर फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या मते दोहोंची मिळून एकच कृती होते. म्हणून प्लगइनचा परवाना जीपीएलशी सुसंगत असावा लागतो. प्लगइन स्वतंत्रपणे चालून केवळ साधी देवघेव करीत असेल, तर हे बंधन सहसा येत नाही. अर्थात हे मत म्हणजे न्यायालयीन निर्णय नव्हे.

सुसंगती म्हणजे एकरूपता नव्हे. अपाची २.० हा परवाना जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीशी जुळतो, दुसरीशी नाही. शिवाय हे बंधन वितरणास लागू होते, खासगी वापरास नव्हे. म्हणूनच छत्तीसगढी वा मराठी शुद्धलेखन-तपासणीचे प्लगइन रचणाऱ्याने परवान्याचा विचार आरंभीच करावा; अन्यथा सिद्ध झालेले कामही इतरांच्या हाती देता येणार नाही.