मळ्यावरचे शिपाई

आझाद हिंद सेना म्हटली की आपल्याला प्रथम आठवतो तो लाल किल्ल्यातील खटला. नोव्हेंबर १९४५ मध्ये सुरू झालेल्या या खटल्यातील शाहनवाज खान, प्रेमकुमार सहगल आणि गुरुबक्षसिंग धिल्लाँ ही नावे आपण शाळेतच वाचतो. तिघेही मूळचे ब्रिटिशांच्या हिंदी सैन्यातील अधिकारी. २३ जानेवारीला आपल्याकडे जी प्रदर्शने भरतात, त्यांत बहुधा यांचीच छायाचित्रे असतात. त्यात गैर काहीच नाही. परंतु या सेनेत आणखी एक मोठा वर्ग होता : मलायातील रबराच्या मळ्यांवरचे तमिळ मजूर. त्यांना भिंतीवर कसे आणावे, याचा विचार मला येथे करायचा आहे.

ही माणसे पूर्वी सैनिक नव्हती. त्यांना किंवा त्यांच्या आईबापांना ‘कंगाणी’ म्हणजे मुकादमांनी मद्रास इलाख्यातून मळ्यांवर नेले होते. पहाटे उठून झाडांना खाचा पाडायच्या, चीक गोळा करायचा आणि संध्याकाळी मळ्यावरच्याच ताडीच्या दुकानात मजुरीतला वाटा परत द्यायचा, असे हे जिणे. जुलै १९४३ मध्ये सुभाषबाबू सिंगापुरात आले आणि युद्धकैद्यांतून उभ्या राहिलेल्या या सेनेत नागरिक स्वयंसेवकही मोठ्या संख्येने दाखल होऊ लागले. राणी झाशी पथकात मळ्यांवरच्या मुली होत्या. गंमत पाहा, पथकाला नाव आपल्या लक्ष्मीबाईंचे, आणि त्यात उभ्या राहिलेल्या कितीतरी जणींनी हिंदुस्थान डोळ्यांनी पाहिलेलाच नव्हता!

ही माणसे सैन्यात का गेली? ‘देशप्रेमाने’ असे एका शब्दात लिहून मोकळे होणे सोपे आहे. माझ्या मते अशा फलकाने त्यांच्यावर अन्यायच होतो. १९४१ मध्ये, म्हणजे जपानी येण्यापूर्वीच, क्लांग भागातील मळ्यांवर मोठा संप झाला. मजुरीवाढीबरोबरच, गोरा साहेब समोर आला की सायकलवरून उतरावे लागते ती पद्धत बंद करा, अशीही संपवाल्यांची एक मागणी होती. सरकारने सैन्य बोलावले; गोळीबारात मजूर ठार झाले. ज्याला सायकलवरून उतरावे लागत होते, त्याच्या हाती दोन वर्षांनी बंदूक आली आणि लोक त्याला शिपाई म्हणू लागले. याचे मोल त्याला केवढे वाटले असेल! मला विचाराल तर प्रदर्शनात तलवारीच्या चित्राऐवजी एक जुनी सायकल उभी करावी.

याची दुसरी बाजूही झाकता कामा नये. जपानी अमलात रबराचा बाजार बसला, मळ्यांवर उपासमार झाली. सयाम-ब्रह्मदेश रेल्वेच्या कामावर हजारो मजूर धरून नेले गेले आणि त्यांतले असंख्य परतले नाहीत. सैन्यात गेले तर निदान ती रेल्वे टळेल आणि शिधा मिळेल, हा हिशेबही काहींच्या मनात होता. भुकेने आलेला स्वयंसेवक खोटा ठरतो काय? मला तसे वाटत नाही. पण निर्णय पाहणाऱ्याने करावा, आणि त्यासाठी रेल्वेचा नकाशा सायकलीच्या शेजारीच लावलेला असावा.

युद्ध संपल्यावर लष्करी पेशाच्या सैनिकांना हिंदुस्थानात आणून त्यांच्या चौकश्या झाल्या, खटले झाले. त्यातून कागद उरला. मलायात भरती झालेले बहुतेक मजूर मात्र निमूटपणे मळ्यांवर परतले. ज्यांच्यावर खटला नाही, त्यांची फाईल नाही. सिंगापुरात या सेनेच्या हुतात्म्यांचे स्मारक होते; ८ जुलै १९४५ रोजी सुभाषबाबूंनी त्याची कोनशिला बसवली आणि सप्टेंबरात परतलेल्या ब्रिटिशांनी ते पाडून टाकले. पुढे १९९५ मध्ये सिंगापूर सरकारने त्या जागी खुणेचा फलक लावला. तेथे तोंडी आठवणी ध्वनिमुद्रित करण्याचे कामही १९७९ पासून रीतसर सुरू झाले. परंतु इंग्रजी शिकलेल्या, सुखवस्तू घरांतल्या राण्या जेवढ्या बोलल्या, तेवढ्या मळ्यावरच्या बोलल्या नाहीत. आपण एखादीची मुलाखत लावली, तर ती कोणत्या थरातील आहे हे खाली लिहिले पाहिजे.

राहता राहिला आकड्यांचा प्रश्न. राणी झाशी पथकात हजार किंवा त्याहून अधिक स्त्रिया होत्या असे अनेक ठिकाणी छापलेले आढळते. अलीकडच्या संशोधनात हा आकडा सुमारे साडेचारशेवर येतो. आपले विद्यार्थी मोठा आकडा रंगवायला उत्सुक असतात, हे मी पाहिले आहे. दोन्ही आकडे एकाच आकाराच्या अक्षरांत लिहावेत आणि त्यांखाली, मळ्यावर परतलेल्यांची यादी कोणी केली नाही, एवढे एक वाक्य घालावे.