वायर म्हणजे दोरी नव्हे

५ मे २०१६ रोजी उज्जैनच्या सिंहस्थात वादळी पाऊस आला. तंबू कोसळले, माणसे दगावली, क्षिप्रेकाठच्या छावण्यांत चिखल झाला. अशा छावणीत राहुटीगणिक एक तरी वायर शिरलेली असते: दिवा, कूलर, मोबाइल, आणि कुणीतरी गुपचूप आणलेली इंडक्शन शेगडी. उज्जैनचा पुढचा सिंहस्थ २०२८मध्ये आहे, त्याआधी नाशिकचा. तंबूत उतरणाऱ्यांनी, आणि हल्ली कॅम्पर गाडी घेऊन निघणाऱ्यांनीही, वायरीबद्दलच्या काही समजुती घरीच ठेवून निघावे.

सगळ्यांत हट्टी समजूत म्हणजे, उरलेली वायर गोल गुंडाळून कोपऱ्यात ठेवली की काम नीटनेटके. दिसते खरे नीटनेटके. पण हिशेब करून पाहा. दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, लांबी ३० मीटर. वीज जाऊन परत येते, म्हणजे तांबे ६० मीटर. त्याचा रोध सुमारे ०.८ ओहम. २००० वॉटची शेगडी २३० व्होल्टवर पावणेनऊ अँपिअर ओढते. एवढ्यात वायरीतच साठेक वॉट उष्णता तयार होते. वायर मोकळी पसरलेली असेल तर ती हवेत विरते. वेटोळे करून वर सतरंजी टाकली, तर पेटलेल्या जुन्या पिवळ्या बल्बवर गोधडी घातल्यासारखे होते. त्यात उज्जैनचा मे महिना. हवाच चाळिशीच्या वर. म्हणून चांगल्या केबल-रीळावर दोन आकडे छापलेले असतात, गुंडाळलेल्या स्थितीतला आणि पूर्ण उलगडलेल्या स्थितीतला. पहिला बराच लहान असतो.

यावर हमखास उत्तर येते, ‘एमसीबी आहे ना, पडेल.’ नाही पडणार. प्रवाह मर्यादेतच असतो, वेटोळे आतून भाजते आहे हे एमसीबीला कळायला मार्ग नाही. तिचे काम वायरीतून जादा प्रवाह जाऊ न देणे. ओल्या जमिनीवर उभ्या माणसाच्या अंगातून गळणारी वीज ओळखते ती आरसीसीबी, तीही ३० मिलिअँपिअरची. तिच्यावर ‘टी’ लिहिलेले बटण असते. सामान लावण्याआधी ते दाबून पाहावे. खटका पडला नाही तर वायरमनला बोलवावे.

काळी टेप गुंडाळली की सांधा पाण्याला पुरून उरतो, हेही खोटे. उन्हात टेपचा चिकटा सुटतो, आणि पहिल्याच सरीत पाणी आत जाते. मधे सांधा नकोच. जोड लागलाच तर झाकणाचा, बाहेर वापरायचा सॉकेट घ्यावा आणि तो जमिनीवर न टाकता खांबाला टांगावा. कूलरच्या टाकीखाली तर मुळीच नाही.

तिसरी, जाड पिन ‘नुसती अर्थिंगची’ म्हणून कापणारे महाभाग. ती लांब ठेवली आहे ती मुद्दाम: लावताना आधी जोडली जावी, काढताना शेवटी सुटावी. पत्र्याच्या कूलरला तोच आधार. आणि सहा अँपिअरच्या सॉकेटवर फार तर १३८० वॉट. शेगडीला सोळाचाच सॉकेट हवा.

जोडायचा क्रम पुष्कळांना उलटा वाटतो. आधी गाडीकडचे किंवा तंबूतले टोक, सगळे स्विच बंद ठेवून. खांबावरच्या सॉकेटमध्ये प्लग सर्वांत शेवटी. काढताना खांबावरचा सर्वांत आधी. नाहीतर हातात जिवंत टोक घेऊन चिखलातून चालावे लागते. दोन्ही टोकांना पिना असलेली ‘जुगाडू’ वायर दिसली तर ती तिथेच कापून टाकावी, अर्थात प्लग काढून.

परतताना कोपर आणि पंज्यावरून वायर ओढून गुंडाळायची सवय मांडववाल्यांकडून आपल्याकडे आली असावी. त्याने प्रत्येक वळशाला पीळ बसतो आणि आतले तांबे तुटत जाते. मोठे, सैल वळसे घ्यावेत; एक सरळ, एक उलटा. चिखल पुसून, सावलीत वाळवून, मगच डब्यात. डबा झाकणाचा हवा. पुढचा सिंहस्थ बारा वर्षांनी येतो, उंदीर रोज येतात.