भारताचे हवाई पर्व (लेखांक सहावा) : साधनांचा शोध आणि जतन

कोणत्याही राष्ट्राचा हवाई इतिहास दोन प्रकारच्या साधनांवर उभा असतो. विमाने, इंजिने, उपकरणे आणि धावपट्ट्या ही वस्तुरूप साधने होत. आणि या वस्तूंनी कोणत्या दिवशी, कोणाच्या हातून, कशासाठी काम केले हे सांगणारी कागदपत्रे ही दुसऱ्या प्रकारची साधने होत. भारतात पहिल्या प्रकाराकडे थोडेफार लक्ष गेले असले, तरी दुसऱ्या प्रकारातले पुष्कळसे साहित्य अजून घरांतल्या ट्रंकांत आणि कार्यालयांच्या दफ्तरखान्यांत पडून आहे. विमान वाचले आणि कागद गेले, तर उरते ती धातूची एक सुबक आकृती, आणि तिच्यावरून इतिहास लिहिता येत नाही.

कागदाचे मोल किती, हे मुंबई आणि अलाहाबाद येथील दोन प्रसंग शेजारी ठेवले की कळते. शिवकर बापूजी तळपदे यांनी 1895 साली गिरगाव चौपाटीवर मानवरहित यंत्र उडवले, अशी कथा महाराष्ट्रात दीर्घकाळ सांगितली जाते. परंतु त्या यंत्राचा सुटा भाग, आराखडा, छायाचित्र किंवा प्रत्यक्षदर्शीची त्याच दिवसांतली नोंद, असे निर्णायक साधन अभ्यासकांसमोर आलेले नाही. पुढे या कथेशी जोडल्या गेलेल्या ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथाची तपासणी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी केली आणि त्यात वर्णिलेली विमाने उडू शकणार नाहीत, तसेच ग्रंथही विसाव्या शतकातलाच आहे, असा निष्कर्ष 1974 साली मांडला. तळपदे यांनी काही प्रयोग केले असतील, तर ते नेमके कोणते होते हे सांगण्याचा मार्गच साधनांअभावी बंद झाला आहे, आणि त्यांच्यावर झालेला हा खरा अन्याय आहे. याउलट 18 फेब्रुवारी 1911 रोजी फ्रेंच वैमानिक आंरी पेके यांनी अलाहाबादच्या प्रदर्शन-मैदानावरून यमुनेपलीकडच्या नैनीपर्यंत सुमारे 6,500 पत्रे विमानाने नेली, याबद्दल कोणालाही शंका घेता येत नाही, कारण त्या पत्रांवर खास किरमिजी शाईचा गोल शिक्का उमटवला होता आणि तो शिक्का असलेली पाकिटे व कार्डे आजही संग्राहकांकडे आहेत. सुमारे दहा किलोमीटरांच्या त्या उड्डाणाला जगातील पहिल्या अधिकृत हवाई टपालाचा मान मिळाला, तो या साध्या कागदांच्या आधाराने.

कागदरूप साधनांत सर्वांत मोलाचे साधन म्हणजे वैमानिकाची लॉगबुक, म्हणजे प्रत्येक उड्डाणाची स्वहस्ते ठेवलेली नोंदवही. तिच्या एका ओळीत तारीख, विमानाचा प्रकार, त्याचा नोंदणी क्रमांक, सोबतचा वैमानिक, उड्डाणाचे प्रयोजन आणि दिवसाचे व रात्रीचे उड्डाणतास वेगवेगळ्या रकान्यांत येतात, आणि लष्करी वहीत महिनाअखेरीच्या बेरजेखाली वरिष्ठांची सही असते. क्रमांकाचा तो रकाना संशोधकाच्या दृष्टीने सर्वांत बोलका होय. कारण दोन वैमानिकांच्या वह्यांत एकच क्रमांक सापडला, की एका विशिष्ट विमानाचे आयुष्य जुळू लागते. वि. का. राजवाडे यांनी मोडी दफ्तरांसाठी गावोगाव हिंडून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे बावीस खंड उभे केले. हवाई इतिहासाला आज नेमक्या त्याच जातीच्या श्रमांची गरज आहे. फरक इतकाच की येथे कागद शंभर वर्षांच्या आतले आहेत आणि ते लिहिणाऱ्यांपैकी काही जण अजून हयात आहेत.

वस्तू टिकली आणि तिची कथा मात्र झाकली गेली, याचे ठळक उदाहरण लिबरेटर या चार इंजिनांच्या अमेरिकी बॉम्बफेकी विमानाचे आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिश हवाई दलाने ही विमाने कानपूरच्या तळावर मोडतोड करून टाकून दिली होती. हिंदुस्थान एअरक्राफ्ट या कंपनीच्या कारागिरांनी (ही कंपनी 1940 साली वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने बंगळूरला सुरू झाली होती) ती जुजबी दुरुस्त करून बंगळूरला उडवत नेली, पूर्ण नवी केली, आणि भारतीय हवाई दलाने ती 1968 पर्यंत वापरली. पुढे त्यांतली काही ब्रिटन, कॅनडा आणि अमेरिकेतील संग्रहालयांत गेली. आज जगात उरलेल्या मोजक्या लिबरेटरांत भारतातून गेलेली अनेक आहेत. पण त्यांच्यापैकी बहुतेकांवर महायुद्धकालीन परकीय रंग व चिन्हे चढवलेली असल्यामुळे, युद्धातल्या अल्प सेवेपुढे त्यांची भारतातली वीस वर्षांची सेवा प्रेक्षकाला दिसतच नाही. कानपूरच्या उघड्या मैदानातून ती विमाने उठवणाऱ्या माणसांची कामगिरी भारतीय अभियांत्रिकीच्या इतिहासात मानाच्या स्थानी असायला हवी, आणि ते काम भारतीय अभ्यासकांनीच करावे लागेल.

देशातील संग्रह मुळीच क्षुल्लक नाहीत. दिल्लीच्या पालम येथील हवाई दल संग्रहालयात वेस्टलँड वापिटी आहे. 1933 साली कराचीत भारतीय हवाई दलाच्या पहिल्या स्क्वाड्रनने ज्या प्रकारच्या विमानांवर काम सुरू केले, त्या प्रकारातले हे जगात उरलेले एकमेव विमान होय. गोव्यात दाबोळीजवळ बोगमाळो रस्त्यावर 1998 साली नौदलाचे हवाई संग्रहालय उघडले. तेथे विक्रांत या विमानवाहू नौकेवरून उडणारी सी हॉक व अलिझे ही विमाने आहेत आणि एअर इंडिया, हवाई दल व नौदल अशा तिघांची सेवा केलेले सुपर कॉन्स्टेलेशनही आहे. विक्रांत स्वतः मात्र मुंबईत काही वर्षे संग्रहालय म्हणून उभी राहून 2014 साली भंगारात गेली. महाराष्ट्राच्या डोळ्यांदेखत झालेली ही हानी भरून येणारी नाही.

गोव्यासारख्या ठिकाणी उघड्यावर विमान राखणे ही रसायनशास्त्राशी चाललेली झुंज असते. विमानाचा पत्रा बहुधा ड्युरॅल्युमिनचा, म्हणजे ॲल्युमिनियममध्ये थोडे तांबे व मॅग्नेशियम मिसळलेल्या मिश्रधातूचा असतो. तांब्यामुळे त्याला बळकटी येते, परंतु गंजण्याची खोडही जडते. म्हणून त्यावर शुद्ध ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर चढवतात. खाऱ्या हवेतले क्षार आणि पावसाळ्यातला दमटपणा सांध्यांत, रिव्हेटांच्या डोक्यांखाली शिरला, की पत्रा आतून थरांथरांनी पुस्तकाच्या पानांसारखा सुटू लागतो. पाहुण्यांच्या भेटीआधी विमान घासूनपुसून चकचकीत करण्याची हौस येथे घातकच ठरते, कारण त्यात संरक्षक थर झिजतो, आणि जुन्या रंगाखाली दडलेला मूळ क्रमांक किंवा स्क्वाड्रनचे चिन्हही कायमचे पुसले जाते. खरवडण्याआधी रंगाच्या प्रत्येक थराचे छायाचित्र घेणे एवढी साधी शिस्तही पुष्कळ काही वाचवू शकते.

जतन झालेले साहित्य वाचकापर्यंत पोहोचण्याचा प्रश्न कायद्याशीही निगडित आहे. 1993 च्या सार्वजनिक अभिलेख कायद्यात पंचवीस वर्षांपेक्षा जुन्या कागदपत्रांचे मूल्यमापन व राष्ट्रीय अभिलेखागाराकडे हस्तांतर यांची चौकट आहे, आणि संरक्षण मंत्रालयाने 2021 साली युद्धांचे इतिहास व कागदपत्रे खुली करण्याचे धोरण जाहीर केले. धोरण स्वागतार्ह आहे. परंतु कागद खुला होणे आणि तो वाचता येणे यांत सूचीचे काम असते, म्हणजे कोणत्या फायलीत काय आहे हे सांगणारी यादी करणे, आणि सूचीकारांशिवाय खुले दफ्तरही बंदच राहते. नागरी क्षेत्राची स्थिती याहून नाजूक आहे, कारण बंद पडलेल्या खासगी विमान कंपन्या आणि फ्लाइंग क्लब यांची दफ्तरे कोणाच्याही ताब्यात जाऊ शकतात किंवा रद्दीत जाऊ शकतात.

मराठीत या विषयावरचे लेखन अद्याप तुटपुंजे आहे, हे विशेष खटकते. कारण एचटी-2 या 1951 साली प्रथम उडालेल्या भारतीय आरेखनाच्या प्रशिक्षण विमानामागे कोल्हापूरकडचे डॉ. विष्णु माधव घाटगे होते, ज्यांनी जर्मनीत गटिंगेन येथे वायुगतिकीचे थोर आचार्य लुडविग प्रांट्ल यांच्याकडे अध्ययन केले होते. विमानाच्या पंखावर हवा कशी वाहते याचे हे शास्त्र त्या गुरुपरंपरेतून बंगळूरच्या आरेखन कक्षात कसे आले आणि एचटी-2 च्या पंखांत ते कसे उतरले, हा पुढील लेखांकाचा विषय आहे.